अनुभव धागा: टायटल्स सुरू झाली की...

हल्ली मालिका लावली की कोपऱ्यात 'स्किप इंट्रो'चं बटण येतं आणि कुणीतरी ते लगेच दाबून टाकतं, मला ते अजिबात आवडत नाही. गोष्ट सुरू व्हायच्या आधीचं ते मिनिटभर मला गोष्टीइतकंच हवं असतं. म्हणून हा धागा. सिनेमा असो की मालिका, कुठल्याही भाषेतली चालेल, जिची सुरुवात तुमच्यात मुरलीये त्याबद्दल लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. मालगुडी डेज. कथा आर. के. नारायण यांच्या, दिग्दर्शन शंकर नाग यांचं, आणि टायटल्सना चित्रं नारायणांच्या सख्ख्या भावाची, आर. के. लक्ष्मण यांची. त्यावर एल. वैद्यनाथन यांची ती 'ताना ना ना'ची धून. त्या बोलांना अर्थ काही नाही, तरी ऐकलं की गावातली माणसं कशी असतील ते कळतं, कुणाला घाई नाही, कुणी कुणाचं फार वाईट करणार नाही. पुस्तक मी खूप नंतर वाचलं तेव्हा पात्रांना नटांचे चेहरे नव्हते, लक्ष्मणांच्या रेषा होत्या.

*

महाभारत! १९८८. महेंद्र कपूर यांचा तो चढा आवाज, 'अथ श्री महाभारत कथा', मग 'यदा यदा हि धर्मस्य', आणि सगळं शांत झाल्यावर हरीश भिमानी यांचं 'मैं समय हूं'. गीतेचा तो श्लोक मला कुणी शिकवला नाही, टायटलमधूनच पाठ झाला, आणि आजही चाल सोडून नुसता म्हणायला गेले तर अडखळते. काळालाच निवेदक करायचं आणि त्याला चेहरा द्यायचा नाही, फक्त आवाज, हे केवढं धाडस होतं ते मोठं झाल्यावर लक्षात आलं.

*

आभाळमाया. अजून काय बोलणार. देवकी पंडित यांचा आवाज लागला की आई हातातलं काम ठेवून यायची.

*

वरच्या आभाळमायाला जोडून लिहितो. ते गीत मंगेश कुळकर्णी यांचं आणि संगीत अशोक पत्की यांचं, वादळवाटसुद्धा याच जोडीचं. त्याआधीचं गोट्यामधलं 'बीज अंकुरे अंकुरे' पण पत्कींचंच. पत्कींनी जाहिरातींच्या जिंगल्स ढिगाने केल्यात आणि मला वाटतं त्यातच याचं मूळ आहे, ज्याला काही सेकंदात माणसाचं लक्ष धरून ठेवायची सवय आहे त्याला मालिकेचं मिनिटभराचं गाणं म्हणजे ऐसपैस जागा. पहिल्या ओळीतच चाल मनात बसते, अंतरा यायची वाट बघावी लागत नाही. हे काम दुय्यम समजलं जातं त्याचा मला मनापासून राग येतो. पूर्ण लांबीचं गाणं करणं सोपं म्हणत नाही, पण हे वेगळं आणि अवघड आहे.

*

मी व्हिडिओ एडिटिंग करतो, त्यामुळे माझं उत्तर सॉल बास, सिनेमांची टायटल्स रचणारे अमेरिकन डिझायनर. १९५५ पर्यंत हॉलिवूडमध्ये टायटल्स म्हणजे नावांची यादी, अनेक थिएटरांत तर ती बंद पडद्यावरच दाखवायचे आणि सिनेमा सुरू होताना पडदा सरकवायचे. 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'च्या रिळांबरोबर म्हणे सूचना गेली होती की टायटल्सच्या आधी पडदा उघडा. मग व्हर्टिगोमधली डोळ्यातून निघणारी वर्तुळं, सायकोमधल्या कापत जाणाऱ्या आडव्याउभ्या रेषा. सायकोची टायटल्स मी आधी आवाज बंद करून पाहिली आणि मग चित्र न बघता फक्त बर्नार्ड हरमन यांचं संगीत ऐकलं, नुसती तंतुवाद्यं आहेत त्यात, ढोल नाही की तुतारी नाही. दोन्ही वेळा अस्वस्थ वाटलं, आणि एकत्र बघितल्यावर कळलं की रेषा व्हायोलिनच्या फटक्यांवर हलतायत. शिकणाऱ्यांनी हे एकदा करून बघाच.

*

तबला शिकत होते तेव्हा मिशन इम्पॉसिबल मालिकेची धून ऐकताना ठेका धरायला गेले आणि हात चुकायला लागला. मोजलं तर पाच मात्रा, दुप्पट केल्या की दहा. म्हटलं हा तर झपताल! पण नाही, झपताल दोन-तीन-दोन-तीन आणि हे तीन-तीन-दोन-दोन. मात्रा तेवढ्याच पण वजन भलतीकडेच पडतं, म्हणून ते सतत पुढे ढकलल्यासारखं वाटतं. संगीत लालो शिफ्रिन यांचं, १९६६. त्यावर जळत जाणारी वात आणि त्याच भागातली दृश्यं झपझप. गुरुजींना ऐकवलं तर त्यांनी शांतपणे दोनदा ऐकून तिसऱ्यांदा वाजवून दाखवलं.

*

डॉक्टर हू, बीबीसीची विज्ञानकथा मालिका, १९६३. चाल रॉन ग्रेनर यांची, पण ती प्रत्यक्षात आणली डेलिया डर्बीशायर यांनी, बाजारात सिंथेसायझर मिळायच्या आधी. छेडलेली एक तार, ऑसिलेटरचे (विजेवर सूर काढणाऱ्या उपकरणाचे) आवाज, टेपवर घ्यायचे, वेग बदलून सूर काढायचा, टेप कापायची, चिकटवायची, एकेक सूर असा. ग्रेनर यांना डर्बीशायर यांना श्रेयात वाटा द्यायचा होता पण बीबीसीच्या नियमात बसलं नाही, पडद्यावर नाव यायला २०१३ उजाडलं, तेव्हा त्या हयात नव्हत्या. मी स्वतः ध्वनिमुद्रणात काम करते, म्हणून ही हकीकत मला फार जवळची आहे.

*

माझा काका कॅमेरा विभागात सहायक होता. त्याचं नाव बारीक अक्षरात अगदी शेवटी यायचं आणि चॅनलवर नेमकं तेच कापलेलं असायचं. एका मालिकेत मात्र सुरुवातीलाच सगळी नावं होती. आम्ही सगळे उभं राहून बघायचो. ती मालिका कशी होती हे मला आठवतही नाही.

*

मला जन्मापासून ऐकू येत नाही. सबटायटलमध्ये फक्त 'थीम म्युझिक' एवढंच लिहिलेलं असतं. तरी गेम ऑफ थ्रोन्सची सुरुवात मी कधी सोडली नाही. नकाशावरून कॅमेरा उडतो, दातेरी चाकं फिरतात आणि शहरं जमिनीतून वर येतात, शिवाय गोष्टीप्रमाणे नकाशावरची ठिकाणं बदलतात. माझ्या ऐकू येणाऱ्या मित्रांच्या हे लक्षातच आलं नव्हतं, मी सांगितल्यावर परत जाऊन बघितलं त्यांनी. वरचं दहा मात्रांचं वाचून मात्र पहिल्यांदा एखादी धून कशी चालते ते समजलं. अजून कुणी असं लिहाल का? सूर कुठे चढतो, कुठे थांबतो, तसं.

*

आनंदाने! मी पेटी वाजवतो, पिंक पँथर सिनेमाची धून सांगतो (१९६३, हेन्री मॅन्सिनी, सॅक्सोफोनवर प्लास जॉन्सन). कुणी दबकत चालावं तशी ती आहे. आधी दोन सूर अगदी चिकटून, शुद्ध नी-सा. थांबतो. मग तसेच वरचे दोन, रे आणि कोमल ग. परत थांबतो, कुणी बघत नाही ना म्हणून. मग तीच पावलं थांबा न घेता, भरभर वर, पंचमाला जेमतेम टेकतो आणि लगेच त्याच्या लगतच्या खालच्या सुरावर, तीव्र मध्यमावर, घसरून तिथेच लोंबकळतो, बराच वेळ. मग म, कोमल ग, सा, कोमल नी, सा असा उतरून मोकळा. टायटल्समध्ये पडद्यावर दिसणारा कार्टूनमधला गुलाबी पँथरही असाच चालतो, लोकांना इतका आवडला की पुढे त्याची स्वतंत्र कार्टून्स आली आणि १९६४ च्या पहिल्याच कार्टूनला ऑस्कर मिळालं. तो तीव्र मध्यम म्हणजे पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसा लागतो. पुढची धून कुठली हवी ते सांगा, लिहितो.