मदत हवी आहे: वाडीतल्या रस्त्यावरची '२०' ची वेगमर्यादेची पाटी परत कशी मिळवायची?

गडग्याकडेचा: रस्ता नवीन झाला आणि ठेकेदाराच्या माणसांनी '२०' च्या दोन्ही पाट्या उपटून नेल्या. आता शनिवार-रविवारी बीचवर जाणाऱ्या गाड्या सुसाट. दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. वळणावर कंबरेच्या उंचीला गाड्यांच्या आरशांचे काळे-पांढरे ओरखडे उठलेत. एसटी आली की माणसाने गडग्यावरच चढायचं. ग्रामसेवक म्हणतात, वर विचारा. वर म्हणजे कुठे? गणपतीआधी व्हायला हवं.

मैलाचा दगड: तालुका? रस्ता कुणाचा, जिल्हा परिषदेचा की पीडब्ल्यूडीचा?

गडग्याकडेचा: सरकारचा.

मैलाचा दगड: अहो, ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग झेडपीकडे, त्यावरचे पीडब्ल्यूडीकडे. कामाचा फलक बघा. पंतप्रधान ग्रामसडक योजना असेल तर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराच्या गळ्यात आहे.

खडीसम्राट: पाट्या वाचतो कोण? एक ट्रॉली खडी, दोन डबे डांबर, रात्रीत गतिरोधक. आमच्याकडे तीन आहेत.

पाठदुखी: आणि बाळंतिणीला घेऊन १०८ आली की? इंडियन रोड्स काँग्रेसच्या 'आयआरसी ९९' या मानकात गतिरोधकाचं माप दिलंय: ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, गाडी २५ ने सहज जाते. तुमचं ते टेंगूळ बेकायदा आहे.

खडीसम्राट: टेप घेऊन या मोजायला. चहा पाजतो.

डब्लिनकर: इथे आयर्लंडात फेब्रुवारी २०२५ पासून गावरस्त्यांची सरसकट मर्यादा ८० वरून ६० केली. आपल्याकडे असं का होत नाही?

मैलाचा दगड: आपल्याकडे केंद्राची २०१८ ची अधिसूचना आहे, 'इतर रस्त्यां'वर कारला ७०. म्हणजे पाटी नसेल तर या गडग्यांमधून सत्तरने जाणाऱ्यावर वेगाचा दंड बसणार नाही. धागाकर्ते, आधीची मर्यादा कोणी ठरवली होती? आदेशाची प्रत आहे?

गडग्याकडेचा: आदेश कसला? पाट्या आमच्या क्रीडा मंडळाने रंगवल्या होत्या. पण लोक पाळायचे.

पाठदुखी: हे आधी सांगायचं ना!

मैलाचा दगड: मग 'परत' मागू नका, नवीन मागा. मोटार वाहन कायदा, कलम ११२(२): राज्य सरकार किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी रस्ता बघून मर्यादा कमी करू शकतो, राजपत्रात छापून आणि पाटी लावून. ग्रामसभेचा ठराव करा, ओरखड्यांचे फोटो जोडा, कलेक्टर अध्यक्ष असलेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या, पोच घ्या. गणपतीपर्यंत होईल असं वाटत नाही. तात्पुरती, महिन्याच्या आतली मर्यादा असेल तर मात्र राजपत्र लागत नाही. उत्सवापुरती तीच आधी मागा.

फिरस्ती: बीच कुठला म्हणालात? होमस्टे आहे का जवळ?

गडग्याकडेचा: नाही सांगणार.

मैलाचा दगड: फलकाचा फोटो टाका हो.

गडग्याकडेचा: फलक सापडला. गोठ्याच्या छपरावर आहे, रक्कम दिसते, योजनेचं नाव कौलांखाली. उद्या शिडी लावतो.