वर्णनात्मक लेखन मुलांना शिकवावे कसे?

प्रश्न : फळा_आणि_खडू

मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात सहावीच्या वर्गाला मराठी शिकवतो. ‘आमचे गाव’ या विषयावर वर्णन लिहायला दिले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वहीत गाव ‘निसर्गरम्य’ निघाले, त्याच्या एका बाजूला हिरवेगार डोंगर आले आणि दुसऱ्या बाजूने झुळझुळ नदी वाहू लागली. आमच्या गावाला डोंगर नाही आणि जो ओढा आहे, तो उन्हाळ्यात कोरडा पडतो. मात्र दिवाळीनंतर शाळेच्या मागेच गुऱ्हाळ सुरू होते आणि मधल्या सुट्टीत मुले काकवीच्या आशेने तिकडे धावतात. त्या गुऱ्हाळाचा एकाही वहीत उल्लेख नव्हता.

हीच मुले तोंडी बोलताना गुळव्याची, म्हणजे गूळ तयार करणाऱ्या कारागिराची, नक्कलसुद्धा हुबेहूब करतात; वही उघडली की मात्र ‘पक्ष्यांचा किलबिलाट’ आणि ‘कोवळी सोनेरी किरणे’ सुरू होतात. बाजारातील निबंधांची पुस्तके वर्गात आणू नका, असे सांगता येईल, पण ती वाक्ये पालकांनाही पाठ आहेत आणि पाल्याच्या वहीत ती दिसली नाहीत, तर अभ्यास झाला नाही असे त्यांना वाटते. सुरुवात कोठून करावी? विशेषणांची यादी आधी द्यावी का? आणि असे लेखन तपासावे कसे?

उत्तर : निवृत्त_शिक्षिका

सर, मुलांपेक्षा मला दोष विषयात दिसतो. ‘आमचे गाव’ हे कोणत्याही एका जागी उभे राहून दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे वर्णन करायला सांगितले, की मूल आठवणीतले तयार वाक्य काढणारच. म्हणून विषय लहान करावा. ‘आमचे गाव’ नको, ‘गुऱ्हाळ’सुद्धा नको, ‘काहिलीपासून (म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईपासून) चार हात दूर उभे राहिल्यावर’ एवढाच विषय द्यावा. लिहिणारा कोठे उभा आहे हे ठरले, की काय आधी दिसते, काय नंतर आणि काय केवळ ऐकू येते, याचा क्रम आपोआप लागतो. शिवाय उकळत्या रसापासून मुले सुरक्षित अंतरावरही राहतात.

वर्गाला तेथे न्यावे, पण पहिल्या फेरीत वह्या नेऊ नयेत. वही हातात असली की मुले मालकाला ‘ऊस किती टन लागतो’ असे विचारून आकडे उतरवून घेतात आणि परत येऊन माहिती लिहितात. माहिती आणि वर्णन यांतला फरक त्यांना येथेच दाखवता येतो. गूळ उसापासून होतो, ही माहिती झाली. ती गुऱ्हाळ न पाहताही लिहिता येते. घाण्यातून बाहेर पडणारे चिपाड, चुलवणात जाळ घालणाऱ्या माणसाचे चेहऱ्यावर धरलेले फडके, रानभेंडीचे पाणी घातल्यावर वर येणारी मळी आणि ती झाऱ्याने काढताना होणारी घाई हे मात्र तेथे उभे राहिलेल्यालाच लिहिता येते. पाक झाला की नाही हे पाहण्यासाठी गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळवतो. त्या क्षणी सगळे त्याच्या बोटांकडे पाहत असतात. एवढ्या एका कृतीवर सहावीतले मूल सहज दहा ओळी लिहू शकते.

परत आल्यावर लगेच लिहायला न लावता आधी बोलू द्यावे. एखादी मुलगी ‘खूप छान वास येत होता’ असे म्हणेल. तिला चूक म्हणू नये. तो वास प्रथम कोठे आला, एवढेच विचारावे. ती आठवून सांगेल, की कुंपणापाशी चिपाडाच्या धुराचा वास होता, आत गेल्यावर तो गोड झाला आणि काहिलीजवळ इतका दाट झाला की घशाला लागला. हे तिचे बोललेले वाक्य तसेच फळ्यावर लिहावे आणि त्याच्या शेजारी ‘खूप छान वास येत होता’ हेही लिहावे. कोणते ठेवायचे, हे वर्गच ठरवतो.

ही कल्पना माझी नाही. फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने मुलांना वर्गाबाहेर नेऊन, परतल्यावर त्यांनी पाहिलेले लिहवून घेत असत; १९२४ मध्ये त्यांनी शाळेत एक लहान छापखानाच आणला आणि मुलांचे मजकूर मुलांकडूनच जुळवून छापून घेतले. तुमच्याच कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले, तेही अनुभवातून शिकण्यावर भर देऊनच. छापखाना आज लागत नाही. भिंतीवरचा फलक पुरतो. पण आपले लिहिलेले गुरुजींखेरीज आणखी कोणी वाचणार आहे, हे मुलांना कळणे फार महत्त्वाचे आहे, कारण ज्याने गुऱ्हाळ पाहिलेले नाही अशा वाचकासाठी लिहितानाच ‘हे त्याला कळेल का’ हा प्रश्न पडतो.

विशेषणांची यादी आधी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिरवेगार, काळाकुट्ट, लालभडक, पिवळाधमक हे शब्द वाईट नाहीत, पण ते मुलांच्या हाताशी इतके तयार असतात की रंग पाहण्याची गरजच उरत नाही. उकळणारा रस आधी मळकट हिरवा असतो, मग पिवळसर होतो आणि शेवटी तांबूस. ‘सोनेरी’ हा एकच शब्द लिहिला की हा सगळा बदल त्याखाली झाकला जातो. शब्द अडला की तो द्यावा, आणि तेव्हाही आधी घरचा शब्द विचारावा. चुलवण, काहील, चिपाड हे शब्द ‘शुद्ध’ नाहीत असे समजून मुले ते टाळतात आणि ‘मोठे भांडे’ असे लिहितात. हे शब्द लिहिण्याची परवानगी आहे, एवढे सांगितले तरी निम्मे काम होते.

उत्तर : दोन_मुलांची_आई

माझी मुले लहान आहेत, दुसरीत आणि चौथीत, त्यामुळे लेखनाबद्दल मी फार बोलू शकत नाही. मात्र आमच्या घरी कोडी घालण्याचा खेळ चालतो आणि त्याचा वर्णनाला उपयोग होतो असे मला वाटते. ‘पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब’ म्हणजे कणीस, किंवा ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ म्हणजे दात आणि जीभ. वस्तूचे नाव न घेता तिचे नेमके लक्षण सांगायचे, हा कोड्याचा नियम आहे. आम्ही कापडी पिशवीत सुंठ, चिंच, जायफळ किंवा नारळाची शेंडी ठेवतो. एकाने हात घालून सांगायचे आणि दुसऱ्याने ओळखायचे. ‘छान’ आणि ‘मस्त’ म्हटल्याने काहीच ओळखता येत नाही, हे मुलांना न शिकवता कळते. ‘खरखरीत आहे, पण एका बाजूला गुळगुळीत’ असे म्हटल्यावर चटकन उत्तर येते.

उत्तर : लाल_शाई

वरील सूचना उत्तम आहेत, तरी एक अडचण मांडतो. मी माध्यमिक शाळेत शिकवतो. दहावीच्या कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन करायचे असते. तेथे वेळ मोजका असतो आणि ज्या मुलाच्या हाताशी काहीच साचा नाही ते कोऱ्या पानाकडे पाहत बसते. विशेषतः ज्यांच्या घरी मराठी पुस्तके नाहीत किंवा ज्यांची घरची भाषाच वेगळी आहे, त्यांना चार ठरलेली वाक्ये आधार देतात. तो आधार एकदम काढून घेतल्यास हुशार मुले फुलतील आणि बाकीची गप्प होतील, अशी मला भीती वाटते.

उत्तर : निवृत्त_शिक्षिका

आपली भीती निराधार नाही. साचा द्यावाच, पण तो वाक्यांचा न देता प्रश्नांचा द्यावा : मी कोठे उभा आहे, सर्वांत आधी कशाकडे लक्ष गेले, मी पाहत असताना काय बदलले, तेथे कोण काय करत होते? हे प्रश्न परीक्षेच्या दालनातही सोबत नेता येतात आणि ‘मी पाहिलेला अपघात’ यापासून ‘पावसाळी सहल’पर्यंत कोठेही चालतात. ‘रम्य पहाट’ मात्र अपघाताच्या वर्णनात बसत नाही, तरी ती तेथेही आलेली मी वाचली आहे. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांना आधी त्यांच्या भाषेत सांगू द्यावे आणि मराठी वाक्य गटात बसून तयार करावे. त्याला वेळ जास्त लागतो, यावर माझ्याकडे उपाय नाही.

फळा_आणि_खडू

सर्वांचे आभार. काहिलीचा विषय येत्या हंगामात नक्की घेतो; गुऱ्हाळमालकांशी बोलणे झाले आहे. तपासण्याचा प्रश्न मात्र राहिला. पटसंख्या मोठी आहे आणि लाल खुणांनी भरलेले पान पाहिले, की मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहिते.

उत्तर : निवृत्त_शिक्षिका

पहिल्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. प्रत्येक वहीत जे वाक्य फक्त त्याच मुलाला लिहिता आले असते, त्याखाली एक रेघ ओढावी आणि जेथे आपल्याला चित्र दिसले नाही, तेथे समासात एक प्रश्न लिहावा : ‘धूर कोणत्या बाजूला जात होता?’ मुलाने संपूर्ण लेख पुन्हा न लिहिता तेवढेच वाक्य सुधारावे. शुद्धलेखन फलकावर लावण्याची प्रत करताना पाहावे, कारण तेव्हा ते सुधारण्याचे कारण मुलालाही पटते. सगळ्या वह्या एकाच आठवड्यात तपासण्याचा आग्रहही सोडावा. एका आठवड्यात एक रांग घेतली, तरी महिना-दीड महिन्यात वर्ग पूर्ण होतो.