जुना ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा आहे : ओढणारी गाडी, वीज, गॅस – मदत हवी आहे

सदाफुली

आम्ही न्यू जर्सीत असतो. एक वापरलेला ट्रेलर बघून ठेवलाय, पैसे अजून दिलेले नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यावर शेनांडोआ नॅशनल पार्कात चार रात्री राहायचा बेत आहे. जाणकारांना लागेल ती माहिती देते:

ट्रेलर २०१४ सालचा, २२ फूट, दोन अ‍ॅक्सल. रिकामं वजन ३,८५० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट कमाल परवानगीचं वजन) ४,९९५. वीज ३० अँपिअर, २० पौंडी प्रोपेनच्या दोन टाक्या, गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा फ्रिज.

गाडी तीन रांगांची व्ही-६ एसयूव्ही. ओढायची क्षमता ५,००० पौंड, हिचच्या (गाडीमागे ट्रेलर जोडायच्या जोडणीच्या) स्टिकरवर टंग वेट (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा गाडीवर येणारा भार) कमाल ५००. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पेलोड (माणसं-सामान मिळून गाडी अंगावर घेऊ शकते ते वजन) १,२५० पौंड लिहिलंय. आमची चौघांची वजनं मिळून ४६०.

विक्रेता म्हणतो, पाच हजारात ४,९९५ बसतं. बसतं का? दुसरं, ड्राइव्हवेत ३० अँपिअरचं आउटलेट बसवून घ्यायचंय, इलेक्ट्रिशियनला काय सांगू? तिसरं, गॅसचं काय काय तपासायचं? आत रोजचा स्वयंपाक होणार, कुकर आणि फोडणीसकट. आणि ऑनलाइन चाळीस वस्तूंचं ‘स्टार्टर किट’ दिसतंय, ते घ्यावं का?

ओझेवाला

पैसे दिले नाहीत हे बरं झालं. किट राहू द्या, आधी आकडे.

३,८५० हे कारखान्यातून निघतानाचं वजन. त्यात गॅस नाही, पाणी नाही, बहुधा बॅटरीही नाही. दोन टाक्यांतला गॅस ४० पौंड, बॅटरी ५०, वॉटर हीटरमधलं ६ गॅलन पाणी ५०. भांडी, अंथरुणं, वाणसामान, होज, ठोकळे, खुर्च्या धरून ५५० कुठे गेले कळत नाही. झाले ४,५४०. पिण्याच्या पाण्याची ३० गॅलनची टाकी भरून निघालात तर आणखी २५०, कारण गॅलनला ८.३ पौंड.

टंगवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. साडेबारा धरा, ४,५४० चे होतात ५६७. तुमची हिच ५०० ची. म्हणजे ‘पाच हजारात बसतं’ हा हिशोब इथेच मोडला.

आता पेलोड. टंगचा भार गाडीच्याच अंगावर येतो, म्हणून तो यातून वजा करायचा. १,२५० वजा ५६७ वजा माणसं ४६० वजा वजन वाटणाऱ्या हिचचे ८०. उरले १४३ पौंड. एक भरलेला कूलर आणि मुलांच्या सायकली ठेवल्या की संपले.

सामान मागे सरकवून टंग हलकी करायचा मोह होतो. तसं करू नका. १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. उतारावर ताशी ६० मैलांच्या वेगात किंवा मोठा ट्रक शेजारून गेला की ते हेलकावे वाढत जातात. तसं झालंच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरची हातातली कळ हळूहळू दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे.

या गाडीमागे ३,५०० ते ३,८०० जीव्हीडब्ल्यूआरचा ट्रेलर शोधा. ३,८०० चे साडेबारा टक्के ४७५ होतात.

रिकामटेकडा

इतकं घाबरवू नका हो त्यांना. वजन वाटणारी हिच लावली की हा प्रश्न सुटतो, अशा गाड्यांमागे अशा ट्रेलरांच्या रांगा दिसतात रस्त्यावर.

ओझेवाला

दिसतात, खरं आहे. पण ती हिच भाराचा काही भाग पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर ढकलते, रिसीव्हरची (हिच जिथे बसते त्या गाडीखालच्या चौकोनी नळीची) मर्यादा वाढवत नाही. स्टिकरवर ‘वेट कॅरिइंग’ आणि ‘वेट डिस्ट्रिब्यूटिंग’ असे दोन वेगळे आकडे असतील तरच दुसरा वापरायचा. एकच असेल तर तोच शेवटचा. काही कंपन्या ही हिच लावायलाच मनाई करतात, ते ओनर्स मॅन्युअलच्या टोइंगच्या प्रकरणात असतं. सदाफुली, आधी ते वाचा.

ट्रेलर कुठलाही घ्या, पहिल्या प्रवासाआधी सामान भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन करून घ्या. एकदा गाडी आणि ट्रेलर जोडून, एकदा माणसांसकट नुसती गाडी. दोन पावत्यांतून खरं टंग वेट काढता येतं. हिचचे स्प्रिंग बार वजनाच्या वेळी सोडलेले असू द्या, नाहीतर आकडा फसवा येतो.

शॉर्टसर्किट

विजेचं मी सांगतो. इथे चूक झाली तर एका क्षणात फ्रिजचा बोर्ड, मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर सगळं जळतं.

ट्रेलरचं ३० अँपिअरचं आउटलेट म्हणजे टीटी-३०. ते १२० व्होल्टचं असतं : एक हॉट, एक न्यूट्रल, एक ग्राउंड, पॅनेलमध्ये ३० चा एकेरी ब्रेकर. पण दिसतं कपड्यांच्या ड्रायरच्या आउटलेटसारखं, आणि ड्रायरचं असतं २४० व्होल्टचं. घरकाम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने ‘तीस अँपिअर’ ऐकलं की हात सवयीने दुहेरी ब्रेकरकडे जातो. म्हणून तोंडी नको, कागदावर लिहून द्या : टीटी-३०, १२० व्होल्ट, एकेरी ब्रेकर, १० गेज तांब्याची वायर. काम झाल्यावर ट्रेलर लावण्याआधी मल्टिमीटरने बघा. हॉट-न्यूट्रल १२०, हॉट-ग्राउंड १२०, न्यूट्रल-ग्राउंड जवळजवळ शून्य. कुठेही २४० दिसलं तर प्लगला हात लावू नका.

घरच्या साध्या १५ च्या आउटलेटवर अडॅप्टर लावून दिवे आणि बॅटरी चार्जिंग चालतं. एसी लावलात तर अडॅप्टर वितळू शकतो.

३० गुणिले १२० म्हणजे ३,६०० वॅट, बस. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी १३ ते १५ अँपिअर खातो, वॉटर हीटरची वीजकांडी १२, मायक्रोवेव्ह १२-१३. तिन्ही एकदम लावली की ब्रेकर पडणारच. इंडक्शनची शेगडी नेणार असाल तर तीही यातच मोजा. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालत नाही, चटणी घरूनच वाटून न्या.

सर्ज प्रोटेक्टर आणि ईएमएस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. साधा सर्ज प्रोटेक्टर फक्त वरचा झटका अडवतो. कॅम्पग्राउंडवर खरा त्रास कमी व्होल्टेजचा. उन्हाळ्यात दुपारी सगळ्यांचे एसी चालू झाले की व्होल्टेज घसरतं आणि कॉम्प्रेसर तापून मरतो. ईएमएस साधारण १०४ च्या खाली आणि १३२ च्या वर जोडणी तोडतो, ग्राउंड तुटलेलं असेल तर चालूच होत नाही. पैसे खर्चायचे तर यावर खर्चा.

क्रम असा : कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद, ईएमएस लावा, ब्रेकर चालू करून वाचन बघा, ब्रेकर पुन्हा बंद, ट्रेलरची केबल लावा, मग चालू. सुटताना आधी एसी बंद, नंतर ब्रेकर. चालू भारावर प्लग ओढला की ठिणगी उडून पात्यांवर काजळी धरते, आणि पुढच्या वेळी तोच प्लग तापतो.

कोकम

गॅस आणि स्वयंपाक.

प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत असतो. बऱ्याच ट्रेलरांत तोच कार्बन मोनॉक्साइडचाही असतो. त्याला आयुष्य असतं, मॉडेलप्रमाणे ५, ७ किंवा १० वर्षं. काढून मागची तारीख बघा. टेस्टचं बटण भोंगा आणि सर्किट तपासतं, आतला सेन्सर म्हातारा झालाय का ते सांगत नाही. २०१४ च्या ट्रेलरमध्ये मूळचा असेल तर न विचारता बदला.

टाकीच्या कॉलरवर बनावटीचा महिना-वर्ष कोरलेलं असतं. १२ वर्षं झालेली टाकी पुन्हा तपासून शिक्का मारल्याशिवाय भरून मिळत नाही. जोडण्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे वाढले तर गळती. रेग्युलेटरनंतरचा दाब ११ इंच वॉटर कॉलम (गॅसचा दाब मोजायचं एकक) हवा, तो मॅनोमीटरने तंत्रज्ञाकडून मोजून घ्या. ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी दिसली तर आधी रेग्युलेटर आणि बर्नरमधल्या कोळ्याच्या जाळ्या बघायच्या. त्या गॅसच्या वासाला कोळी येतात, खोटं नाही.

फ्रिजचा मागचा भाग बाहेरची झडप उघडून बघा. पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास असेल तर कूलिंग युनिट गेलं, आणि दुरुस्ती फ्रिजच्या किमतीच्या जवळ जाते. उभा असताना हा फ्रिज समपातळीत लागतो. प्रवासात मात्र टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवा. आधीच गार केलेला फ्रिज दार न उघडता काही तास टिकतो.

फोडणी करा की. फक्त शेगडीवरच्या पंख्याची झडप ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर असते आणि प्रवासात फडफडू नये म्हणून ती खिट्टीने बंद केलेली असते. ती न उघडता पंखा लावला की मिरचीचा ठसका आतच फिरतो आणि धुराचा अलार्म कोकलतो. म्हणून अलार्मची बॅटरी काढून ठेवणारे लोक आहेत. ते करू नका, खिट्टी उघडा आणि छताचं व्हेंट चार बोटं वर करा. कुकर ३ लिटरचा न्या, ५ लिटरचा मधल्या बर्नरवर बसला की शेजारची ज्योत हँडलला लागते. काचेचं झाकण असेल तर शेगडी पूर्ण गार झाल्यावरच पाडा, गरम जाळीवर पडलं तर फुटतं. थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही, त्यासाठी फर्नेस (ट्रेलरचा गॅसवरचा हीटर) आहे.

तेलाचं पातेलं धुण्याआधी कागदाने पुसा. ग्रे टाकीत (सिंकचं सांडपाणी साठतं तीत) तेल आणि पिठलं साचलं की सेन्सर कायम ‘भरली’ दाखवतात.

अग्निशामक दाराजवळ हवा, एबीसी प्रकारचा, १-ए:१०-बी:सी. आणि मागची आपत्कालीन खिडकी ट्रेलर घेण्याआधी स्वतः उघडून बघा. जुन्यांत रबर चिकटून बसलेलं असतं. मुलांनाही उघडायला शिकवा.

सदाफुली

सगळ्यांचे आभार. मॅन्युअल वाचलं, वजन वाटणारी हिच चालत नाही असं स्पष्ट लिहिलंय. २२ फुटी रद्द. आता २०१७ चा १८ फुटी, एकच अ‍ॅक्सल, जीव्हीडब्ल्यूआर ३,७०० असा एक मिळतोय. टायर एसटी २०५/७५ आर१४, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) सी, नक्षी नवी दिसते. गाडीला मागे चार पिनांचा सॉकेट आहे. बघायला जाताना काय नेऊ?

ओझेवाला

चार पिनांतून फक्त दिवे चालतात. ब्रेकसाठी सात पिनांचा सॉकेट आणि ब्रेक कंट्रोलर लागेल, तो खर्च धरा. ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या यंत्रणेची) पिन ओढून बघा, ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत. लगेच परत बसवा, जास्त वेळ ओढून ठेवली तर ब्रेकचे चुंबक तापतात. बॅटरी मेलेली असेल तर ही चाचणी होणारच नाही, आणि रस्त्यातही ती यंत्रणा चालणार नाही.

ट्रेलरच्या टायरची नक्षी बघू नका, वय बघा. टायरवरच्या डीओटी क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, २३१७ म्हणजे २०१७ चा २३वा आठवडा. ५-६ वर्षं झाली की बदलायचे. त्यात तुमचा अ‍ॅक्सल एकच. सी रेंजच्या टायरची क्षमता ५० पीएसआयला १,७६० पौंड, दोघांची ३,५२०. ३,७०० तून टंगचे (साडेबारा टक्के) ४६० गेले की चाकांवर ३,२४०. फरक अगदी थोडा. त्याच मापात डी रेंज मिळते, ६५ पीएसआयला २,०४० पौंड. रिमवर ६५ ची परवानगी कोरलेली आहे का ते बघा आणि धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. हवा थंड टायरमध्ये पूर्ण ६५, कमी ठेवली की बाजूची भिंत तापून टायर फाटतो. नवी चाकं बसल्यावर १०, २५ आणि ५० मैलांवर नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, आकडा ट्रेलरच्या पुस्तिकेतला.

बघायला जाताना टॉर्च, मल्टिमीटर आणि ओलावा मोजायचा मीटर न्या. कोपरे, खिडक्यांखाली आणि पलंगाखाली अंगठ्याने दाबा, मऊ लागलं तर परत फिरा. छतावर सिलिकॉनचे थर दिसले तर कोणीतरी गळती झाकलीय असं समजा. रबरी छतावर सिलिकॉन धरत नाही, तिथे सेल्फ-लेव्हलिंग लॅप सीलंटच लागतं. १७ अक्षरी व्हीआयएन (ट्रेलरचा ओळख क्रमांक) टाकून एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या) साइटवर रिकॉल (दोषामुळे कंपनीने परत बोलावल्याची नोंद) बघा, ट्रेलरचेही असतात.

शॉर्टसर्किट

शेनांडोआच्या कॅम्पग्राउंडांत विजेचे खांब नाहीत, हे कोणी सांगितलं नाही वाटतं. त्यांतलं बिग मेडोज ३,५०० फुटांवर आहे, ऑक्टोबरात रात्री फर्नेस लागणारच. त्याचा पंखा ७ ते ८ अँपिअर घेतो. १० तासांत तो ४ तास चालला तरी ३० अँपिअर-तास गेले. साध्या ग्रुप २४ बॅटरीतून ४० च काढायचे असतात. म्हणजे एक रात्र, मग चार्जिंग. दोन ६ व्होल्टच्या गोल्फ कार्ट बॅटऱ्या मालिकेत लावा किंवा १०० अँपिअर-तासाची लिथियम घ्या. लिथियमला जुना कन्व्हर्टर पूर्ण चार्ज करत नाही, तोही बदलावा लागतो. जनरेटर नेलात तर तो ठरलेल्या वेळांतच चालवता येतो. खिडक्यांपासून २० फूट लांब ठेवा, धुराचं तोंड ट्रेलरच्या उलट दिशेला.

कोकम

गॅस पुरेल. २०,००० बीटीयूचा फर्नेस रात्रीत ४ तास चालला तर पावणेचार पौंड, म्हणजे एका टाकीत पाच रात्री.

रस्ता मात्र बघून ठेवा. आय-९५ ने बॉल्टिमोरमधून जाऊ नका, फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांत २० पौंडी टाक्या चालत नाहीत. पूर्वी अशा गाड्या बॉल्टिमोरभोवतीच्या आय-६९५ वरच्या ‘की ब्रिज’ नावाच्या पुलावरून जायच्या, तो मार्च २०२४ मध्ये पडला. तुम्हाला आय-७८ ने हॅरिसबर्गपर्यंत आणि तिथून आय-८१ ने दक्षिणेला फ्रंट रॉयलकडे जाणं सोपं. स्कायलाइन ड्राइव्हवर मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. एसीसकट ट्रेलरची उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा.

किटबद्दल राहिलंच. त्यातला पाण्याचा प्रेशर रेग्युलेटर बहुधा प्लास्टिकचा असतो. पितळेचा, गेजवाला वेगळा घ्या आणि ४५ ते ५० पीएसआयवर लावा. पिण्याच्या पाण्याचा होज वेगळा, सांडपाण्याच्या मोऱ्या धुवायचा वेगळा, दोन्ही वेगळ्या पेट्यांत. बाकी किट नाही घेतलं तरी चालेल.