बाहेरचं पासिंग, इथला टॅक्स आणि म्हणे 'दहा मिनिटांचं काम'

बदलीबहाद्दर

परवा एका सद्गृहस्थांची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. म्हणणं असं की परराज्यातल्या पासिंगच्या गाड्या पुण्यात वर्षानुवर्षं फिरतात, हे लोक आपले रस्ते वापरतात आणि आपलाच टॅक्स बुडवतात. १२ महिन्यांत एमएच करून घ्यायला काय धाड भरते? सगळं ऑनलाइन आहे, दहा मिनिटांचं काम! खाली टाळ्याच टाळ्या. यातल्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी एनओसी (ना-हरकत दाखला) काढली आहे, ते बघायला आवडेल.

आता माझं ऐका. गाडी बंगळुरात घेतली. पेट्रोल, १० लाखांच्या वरची. म्हणजे कर्नाटकच्या दराने १७ टक्के लाइफटाइम टॅक्स, वर सेस, सगळं एकरकमी. पुढे आईच्या तब्येतीमुळे पुण्यात आलो. कर्ज चालू, म्हणून आधी बँकेची एनओसी. मग फॉर्म २८ आणि जुन्या आरटीओची एनओसी. त्याला चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. माझ्या गाडीत हा नंबर डावीकडच्या सीटखाली आहे. सीट पूर्ण मागे सारायची, गालिच्याची झडप उचलायची, आत साचलेला चुरा झाडायचा आणि कागद दाबून धरून पेन्सिल घासायची. कागद जरा सरकला की आठाचा तीन दिसतो आणि खिडकीपलीकडचे साहेब 'परत आणा' म्हणतात. हे कुठल्या पोर्टलवर होतं, सांगा बरं.

एनओसी हातात पडली की गाडीचा त्रिशंकू होतो. मग इकडे फॉर्म २७, गाडी दाखवायची, आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरायचा. मूळ किंमत बघतात, गाडीच्या वयाप्रमाणे काही टक्के सोडतात, उरलेलं आपण भरतो. नवीन आरसी आली की ती जोडून जुन्या राज्याकडे रिफंडचा अर्ज. तो अजून तिकडेच आहे.

टॅक्स भरायला माझी ना नाही. पण त्याच गाडीच्या, त्याच वर्षांच्या टॅक्सचे पैसे आज दोन सरकारांच्या तिजोरीत आहेत आणि त्यांचा हप्ता मी बँकेला देतोय. दोन राज्यांचा हिशेब दोन राज्यांनी करावा. त्यात मला हमाल का करता?

कलम_कसाई

भाषा छान आहे, मुद्दा नेहमीचाच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४६: एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. कलम ४७: गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्या. वर्षभराची सवलत आहे, अजून काय हवं? वाहनावरचा कर हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय, नोंद ५७. कर्नाटकला दिलेल्या पैशातून महाराष्ट्राने कारभार कसा चालवायचा?

आणि एक स्पष्टच बोलतो. आईच्या तब्येतीमुळे आलेले तुमच्यासारखे थोडे. बाकीचे पुदुच्चेरीत कुणाच्या तरी पत्त्यावर आलिशान गाडी घेतात, लाखोंचा टॅक्स वाचवतात आणि वरून आपल्यालाच हॉर्न मारतात.

बदलीबहाद्दर

पुदुच्चेरीवाल्यांना पकडा की, मी हार घालायला येतो! मी जास्त टॅक्सच्या राज्यातून कमी टॅक्सच्या राज्यात आलोय हो. महाराष्ट्रात माझ्या किमतीच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के आहे, तिकडे १७ भरलेत. बुडवायचं असतं तर उलटा प्रवास केला असता.

घाटवळण

'आपले रस्ते वापरतात' या तीन शब्दांवर माझं डोकं अडकलंय. कुठले रस्ते? आमच्या गल्लीत पाऊस पडला की रिक्षावाला यायला नाही म्हणतो. आणि रोड टॅक्स घेता तर टोल कशाचा? एकाच रस्त्याचे दोनदा पैसे, आणि भांडायचं मात्र केए-एमएचवर.

कलम_कसाई

घाटवळण, रोड टॅक्स हे नुसतं बोलण्यातलं नाव. तो मोटार वाहन कर आहे, राज्याच्या तिजोरीत जातो. तो रस्त्यांवरच खर्च झाला पाहिजे असं काही नाही. राष्ट्रीय महामार्गाचा टोल वेगळा, केंद्राच्या कायद्याखालचा.

घाटवळण

म्हणजे रस्त्यांसाठी नाहीच! धन्यवाद, मग त्या पोस्टमधला 'आमचे रस्ते वापरता तर टॅक्स भरा' हा डायलॉग तुम्हीच निकालात काढलात.

पायताण

टोलचं नाव काढलंत म्हणून आलो. आम्ही कोल्हापूरकरांनी शहरातला टोल आंदोलन करून घालवला, पुणेकर अजून पोस्टी लिहितायत. मुंबईच्या वेशीवरचे टोल हलक्या वाहनांना २०२४ च्या ऑक्टोबरात माफ झाले, ते बरोबर निवडणुकीच्या तोंडावर. आम्हाला किणी आणि तासवडे भरल्याशिवाय पुण्याला येता येत नाही. मेडिकलला असलेल्या पोरीला भेटायला जायचं तरी आधी फास्टॅगचा बॅलन्स बघायचा.

गिअर_पाचवा

फास्टॅगचा वार्षिक पास काढा की पायताण. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे (तेव्हा ३,००० ला होता), वर्षभर किंवा २०० फेऱ्या.

घाटवळण

आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला तोच पास दाखवून बघा. तो रस्ता राज्याच्या महामंडळाचा, तिथे पास चालत नाही. समृद्धीवरही नाही. पासाच्या जाहिराती बघून भाचा मुंबईला निघाला आणि टोल कापल्याचा मेसेज आल्यावर मला फोन करून भांडला. जणू एक्स्प्रेसवे मीच बांधलाय.

गिअर_पाचवा

भाच्याने अटी वाचायच्या होत्या. राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्ग असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

घाटवळण

हो, आणि मुंबईला निघालेला माणूस कळंबोलीपर्यंत विचार करत बसतो की आपण राष्ट्रीय आहोत की राज्यस्तरीय! उगाच शहाणपणा नको.

गिअर_पाचवा

शहाणपणा अडचणीचा वाटत असेल तर जुन्या हायवेने जा.

बदलीबहाद्दर

मंडळी, टोलचा वेगळा धागा काढा, हात जोडतो.

सीमाभागातला

मी निपाणीचा. गाडी केए-२३. नोकरी कागलच्या एमआयडीसीत. गाडी रात्री कर्नाटकात, दिवसा महाराष्ट्रात. मध्ये कोगनोळीचा टोल, म्हणजे वरच्या मंडळींचंही समाधान होईल. दर काही महिन्यांनी कुणीतरी शिट्टी मारून बाजूला घेतं आणि विचारतं, 'इथं किती दिवस झाले?' मी म्हणतो, सकाळपासून.

गाडी मुख्यत्वे जिथे ठेवली जाते तिथे नोंदणी, असं कायदा म्हणतो. माझी तर निपाणीतच असते. पण रस्त्यावर उभं राहून हे सिद्ध कशानं करायचं? आता मोबाइलवर फास्टॅगचं स्टेटमेंटच उघडून दाखवतो. रोजचं जाणं-येणं तारीखवार, वेळेसकट. ते बघितलं की पुढचा गप्प होतो.

पायताण

निपाणीत राहून टॅक्स बेंगळुरूच्या तिजोरीत भरता आणि सीमाप्रश्नावर आमच्याकडून अपेक्षा करता, हे कसं जमतं?

सीमाभागातला

मग काय टॅक्स न भरता तुरुंगात बसू? आमच्या घरातल्यांनी सीमा आंदोलनात लाठ्या खाल्ल्यात. तुम्ही कोल्हापुरात बसून आमच्या नंबरप्लेटवरून आमचं मराठीपण मोजू नका. परत हे लिहिलंत तर मीही तोंड सोडीन.

पायताण

बरं बाबा, राहिलं. तुमच्याबद्दल नव्हतं ते, सरकारबद्दल होतं. (तरी कोगनोळीला भेटू तेव्हा बोलू, चहा माझ्याकडून.)

माहेर_सांगली

बीएच सिरीजबद्दल (राज्य बदललं तरी न बदलणारा 'भारत' नंबर) कुणीच कसं बोलत नाही? आमचे हे बँकेत, तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. आधीच्या गाडीपायी हे सगळे फॉर्म मी स्वतः नाचवलेत, कारण साहेबांना बँकेतून सुट्टी नाही. २०२१ च्या सप्टेंबरात बीएच सुरू झाली, नवी गाडी घेताना तोच नंबर घेतला. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा. १० लाखांच्या आत ८ टक्के, २० पर्यंत १०, त्यावर १२ असा दर धरून त्या दोन वर्षांपुरता. बदली झाली तरी नंबर तोच. फक्त तारीख चुकवू नका, दिवसाला १०० रुपये बसतात. माझं मत विचाराल तर सुटसुटीत आहे, रडगाणं पुरे.

बदलीबहाद्दर

ताई, तुमच्या ह्यांना मिळाली, आनंद आहे. सरकारी, लष्करी, सार्वजनिक उपक्रमातले, किंवा चार अथवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या खासगी कंपनीतले, एवढ्यांनाच ती मिळते. आमच्या कंपनीची ऑफिसं दोनच, पुणे आणि बंगळुरू. मालकाला सांगू का, माझ्या नंबरप्लेटसाठी इंदूर आणि हैदराबादला शाखा काढा म्हणून?

कलम_कसाई

बीएच ज्यांची बदली होते त्यांच्यासाठी आहे. तुम्ही स्वतःहून आलात. बंगळुरूला गेलात तेव्हा पगार जास्त होता म्हणूनच ना गेलात? मग त्याचा खर्चही सोसा.

बदलीबहाद्दर

आई आजारी पडणं हा माझा करिअरचा निर्णय होता, हे आजच कळलं.

कलम_कसाई

ते तसं म्हणायचं नव्हतं. शब्द मागे घेतो, मुद्दा नाही.

तिसरी_बाजू

मी बंगळुरात होतो त्या काळातलं सांगतो. कर्नाटकने २०१४ मध्ये कायदा बदलून बाहेरची गाडी ३० दिवसांहून जास्त राहिली तर पूर्ण लाइफटाइम टॅक्स लावला होता. केंद्राचा कायदा १२ महिने म्हणतो आणि राज्य ३० दिवस! शनिवारी पहाटे नाश्त्याला निघालेल्या पोरांच्या गाड्या अडवायचे. माझ्या मित्राची बुलेट उचलून नेली. तो नुकताच आलाय हे सांगायला घरमालकाचा करारनामा घेऊन मी धावलो. पुढे उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. तोवर ज्यांनी घाबरून भरले त्यांनी भरले.

म्हणून 'नियम पाळा' म्हणणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, कुठल्या महिन्यातला नियम?

कलम_कसाई

न्यायालयाने रद्द केला ना? म्हणजे यंत्रणा चालली. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

तिसरी_बाजू

हो, बुलेट गोदामात गंजत असताना यंत्रणा फार छान चालत होती.

गिअर_पाचवा

मला यातलं राज्यांमधल्या हिशेबाचं पटतं. २०१७ पासून जीएसटीत राज्याराज्यांची वळती होतेच, माल जिथे वापरला जातो त्या राज्याला त्याचा वाटा पोचतो. वाहन कर जीएसटीबाहेर ठेवला तो ठेवला, पण गाडी कुठे नोंदली, किती टॅक्स भरला, हे सगळं वाहन पोर्टलवर असताना उरलेल्या वर्षांची रक्कम थेट नव्या राज्याला पाठवायला काय हरकत? फरक असेल तेवढाच मालकाकडून घ्या.

कलम_कसाई

हरकत ही की दोन राज्यांचे दर वेगळे, घसाऱ्याचे तक्ते वेगळे. आणि जास्त टॅक्सवाल्या राज्याला पैसे हातचे सोडायची घाई कशाला असेल? तत्त्वतः वळती व्हावी, मान्य. मी नियमाच्या बाजूने बोलत होतो, रिफंड लटकवणाऱ्या बाबूंच्या बाजूने नाही. तेवढं श्रेय घ्या आणि एमएचचा नंबर लावून सुखाने गाडी चालवा.

बदलीबहाद्दर

नंबर कधीच लावलाय साहेब. रिफंड आला की तुम्हाला पेढे, तोवर तुमची तत्त्वतः मान्यता फ्रेम करून ठेवतो.

माहेर_सांगली

बदलीबहाद्दर, एक कामाचं सांगते. रिफंडच्या अर्जाला जुन्या टॅक्सपावतीची प्रत लावली असेल, पण बँक खातं आरसीवरच्याच नावाचं आहे ना? आमच्या वेळी आधीच्या गाडीची आरसी ह्यांच्या नावावर आणि खातं माझं दिलं होतं, तेवढ्यावरून अर्ज परत आला. आणि पोचपावतीचा नंबर फोनमध्ये ठेवा, कागद हरवतोच.

घाटवळण

जाता जाता: खंबाटकीत आज काम चालू आहे, दोन तास गेले. टोल मात्र पूर्ण कापला.