‘हरणारच होते’ मधल्या ‘च’ला काय म्हणायचं?

अनुवादिनी: पानिपतावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय. झालं ते होणं भागच होतं असं मानून इतिहास सांगणं, या दोषाला शब्द हवाय. मी ‘अपरिहार्यतेचा हेत्वाभास’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘पश्चातबुद्धी’ केलं. पण ते तर उशिरा सुचलेलं शहाणपण. इथे शहाणपण कुठे आहे?

मास्तर: हेत्वाभासही नको. न्यायशास्त्रात ती खोट फक्त हेतूतली, म्हणजे अनुमानासाठी दिलेल्या कारणातली. ‘तर्कदोष’ म्हणा. आणि ‘टळणे’ आपलं घरचं क्रियापद असताना अपरिहार्य कशाला? ‘अटळतादोष’ करा.

सांजवात: असं कोण बोलतं, मास्तर? माझे थोरले काका विहिरीत पडून गेले, तेव्हा आजी म्हणाली, “व्हायचंच होतं, सटवाईनं लिहिलेलं.” विहिरीला कठडा नव्हता, हे कुणीच बोललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र चिऱ्याचा कठडा बांधला. मला ‘व्हायचंच होतं’ हाच शब्द वाटतो.

कऱ्हाडकर: मग ‘बैल गेला नि झोपा केला’ आहेच की.

मास्तर: नाही. झोपा असता तर बैल राहिला असता, हे त्या म्हणीत गृहीत आहे. अनुवादिनीताईंच्या दोषात बैल जाणारच असतो. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

अनुवादिनी: अगदी हेच! १४ जानेवारी १७६१ला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आधी रोहिल्यांची फळी फोडली होती. विश्वासरावांना गोळी लागली ती त्यानंतर. नानासाहेब तर फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले. छावणीतली उपासमार खरी, पण सकाळी लढाईला उभं राहिलेल्या कुणाला निकाल ठाऊक नव्हता. तो ‘च’ आपण आज चिकटवतो.

मास्तर: त्या ‘च’ला शास्त्रात ‘एवकार’ म्हणतात. ‘एवकारदोष’ घ्या.

सांजवात: पुन्हा संस्कृत! वाचणाऱ्याला कोश उघडावा लागेल. ‘च’चा दोष म्हणा, पोराटोरांनाही कळेल.

मास्तर: बोलताना चालेल. परिभाषेला समास लागतो, त्याशिवाय त्यापुढे विशेषणं बनत नाहीत.

कऱ्हाडकर: झोपा म्हणजे झोपडी असं शाळेत सांगितलेलं, ते चूक आहे बरं का. आमच्या आजोळी गोठ्याला तुराट्यांचा झोपा होता. दिवेलागणीला गुरं आत घेतली की तो लोटून अडणा घालायचे.

सांजवात: आमच्या कोकणात त्याला बेडं म्हणतात.

कऱ्हाडकर: बेडं कुंपणाला ना? गोठ्याच्या दारालाही तोच शब्द?