अनुभव धागा: आर्मर्ड कोर येतोय! तुमचं पहिलं यंत्र कोणतं होतं?

शनिवारपेठ

येत्या शुक्रवारी, २५ ऑगस्ट २०२३ ला, ‘आर्मर्ड कोर ६: फायर्स ऑफ रुबिकॉन’ हा व्हिडिओ गेम येतोय. याआधीचा भाग, ‘व्हर्डिक्ट डे’, २०१३ मध्ये आला होता. मधल्या दहा वर्षांत तो बनवणारी फ्रॉमसॉफ्टवेअर म्हटलं की लोकांना ‘डार्क सोल्स’, ‘ब्लडबोर्न’, ‘सेकिरो’ आठवायला लागले, आणि गेल्या वर्षी ‘एल्डन रिंग’मुळे तर कधी गेम न खेळलेल्यांनाही या कंपनीचं नाव कळलं. आमच्यासारख्यांची ओळख मात्र १९९७ च्या पहिल्या ‘आर्मर्ड कोर’पासूनची. गेल्या डिसेंबरात गेम अवॉर्ड्समध्ये ट्रेलर दाखवला तेव्हा आपल्याकडे सकाळ होती. मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. राखेतून ते यंत्र वर उठलं आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मी फोन दाखवला. कुणाला तरी सांगायचंच होतं.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. तुम्ही भाडोत्री पायलट, यंत्र दोनतीन मजली इमारतीएवढं. कंपन्या एकमेकींच्या मुळावर उठलेल्या, त्या तुम्हाला कामं देतात: यांचा कारखाना उडव, त्यांचा ताफा सांभाळ. काम झालं की मिळालेल्या पैशांतून झाडलेल्या गोळ्यांचा आणि दुरुस्तीचा खर्च वजा. उरेल त्यातून सुटे भाग घ्यायचे: डोकं, धड, हात, पाय, जनरेटर, बूस्टर, नेम धरणारी यंत्रणा, हातांत आणि पाठीवर शस्त्रं. पायांना पेलेल इतकंच वजन, जनरेटरला झेपेल इतकीच वीज. मोहीम पाचदहा मिनिटांत संपते, गॅरेजमध्ये रात्र जाते. या मालिकेचा जीव त्या गॅरेजमध्ये आहे असं माझं पक्कं मत आहे.

तर लिहा. पहिलं यंत्र कसं होतं, कुठे खेळलात, आणि शुक्रवारी सगळ्यात आधी काय करणार? ट्रेलरपलीकडचं कथानक कुणाला कुठून कळलं असेल तर ते कृपया इथे नको.

उद्यमनगरी

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात काकांचं लेथचं वर्कशॉप होतं, शाळा सुटली की मी तिथंच. थोरल्या भावाच्या मित्राकडं पीएस-टू, म्हणजे प्लेस्टेशन २, होता आणि त्यावर ‘आर्मर्ड कोर २’. इंग्रजी फारसं कळायचं नाही, पण आकडे कळायचे. वजन किती, वीज किती, चिलखत किती.

एकदा तो पीएस-टू आमच्या घरी आणला होता. काका मागं उभं राहून बघत होते. मी सगळ्यात जाड धड घेतलं, त्यावर सगळ्यात मोठी तोफ चढवली, आणि यंत्र काही गॅरेजच्या बाहेर पडंना. वजन पायांच्या मर्यादेबाहेर गेलेलं. काका म्हणाले, “अरे, खालचं बेअरिंग बघ की आधी. वर कितीबी चढवशील, खाली पेलाय नको?” तेव्हापासून मी पायांपासनं सुरुवात करतो. आधी पाय, मग जनरेटर, मग राहिलेल्या वजनात काय बसतंय ते.

पाठीवरच्या तोफेचं उदाहरण घ्या. दोन पायांचं यंत्र ती डागताना गुडघा टेकून थांबतं, आणि तेवढ्यात समोरचा येऊन भाजून काढतो. चार पायांचं किंवा रणगाड्याच्या पट्ट्यांवरचं यंत्र चालता चालता डागतं. मग पट्टे घ्यावेत म्हटलं, तर उडी आणि चपळाई गेली. काय मिळवण्यासाठी काय सोडायचं, हा हिशोब मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये एवढा चोख सापडला नाही.

नव्या भागात चारपायी यंत्र हवेत तरंगून राहतं असं दाखवलंय. तरंगताना वीज किती वेगानं उतरते ते मला बघायचंय. शुक्रवारी पैसे हातात आले की पहिली खरेदी तीच.

डोंबिवलीकर

बाबा मस्कतला होते. अठ्ठ्याण्णवच्या सुट्टीत प्लेस्टेशन घेऊन आले, सोबत पहिला ‘आर्मर्ड कोर’. आमच्या कंट्रोलरला अंगठ्याने फिरवायच्या काठ्या नव्हत्या. वर बघायला खांद्याचं एक बटण, खाली बघायला दुसरं, डावीउजवीकडे सरकायला आणखी दोन. उडत्या शत्रूवर नेम धरायचा तर दोन्ही हातांची मधली बोटं मागे टेकवूनच बसावं लागायचं. पुढे २००४ मध्ये ‘आर्मर्ड कोर: नेक्सस’ने दोन काठ्यांची सोय दिली, पण माझी बोटं अजून तिथेच जातात.

मला त्या गेममध्ये सगळ्यात जास्त भिडला तो पैशांचा भाग. आई घरखर्च वहीत लिहायची. मी तिच्याच शेजारी बसून दुसरी वही केली. मोहिमेचं नाव, मिळालेले पैसे, गोळ्या, दुरुस्ती, शिल्लक. एक क्षेपणास्त्र हुकलं तर ते वहीत दिसायचं. लेसर तलवारीला गोळ्या लागत नाहीत, म्हणून मी तलवारीवर हात बसवला. आणि ‘मूनलाइट’ नावाची तलवार हाती लागली त्या दिवशी आईला उठवून दाखवली होती. तिने वही बघितली आणि म्हणाली, “शिल्लक चांगली आहे.”

ज्यांनी खेळला नाही त्यांना सांगतो: त्यात कर्ज फार वाढलं की तुमच्यावर प्रयोग करतात. शरीरात फेरफार करून परत पहिल्यापासून कामाला जुंपतात. देणं फिटत नाही म्हणून माणसाचं शरीरच घेतात, हे लहानपणी समजलं तेव्हा अंगावर काटा आला होता. नव्या ट्रेलरमध्ये आपल्या पायलटला ६२१ या आकड्याने हाक मारतात. तोही असाच फेरफार केलेला माणूस, आणि त्याला कामाला लावणारा वॉल्टर. पंचवीस वर्षांनी तोच धागा त्यांनी पुन्हा हातात घेतलाय म्हणून मला फार बरं वाटलं. मी वही आणून ठेवली आहे.

निशिकासाई

तोक्योहून लिहितेय. ओबोनची, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाची, सुट्टी नुकतीच संपली, आणि या वर्षी मी कुठेही न जाता घरात बसून मॉडेल जोडलं. कोतोबुकिया या कंपनीने ‘आर्मर्ड कोर’ची यंत्रं १/७२ प्रमाणात काढली आहेत. माझ्याकडे ‘व्हाइट ग्लिंट’ नावाचं यंत्र आहे, ‘आर्मर्ड कोर: फॉर आन्सर’मधलं.

डोंबिवलीकरांची वही वाचून माझं टेबल आठवलं. प्लॅस्टिकच्या चौकटीतून तुकडा कापायचा तर आधी थोडा लांबून कापायचा, मग उरलेला कोंब काढायचा, मग बारीक पॉलिशकागद. घाई केली की तिथे पांढरा डाग पडतो आणि तो जात नाही. या संचांची खरी मजा म्हणजे एका यंत्राचा हात दुसऱ्याला बसतो. गॅरेजमध्ये जे करायचं ते टेबलावर करता येतं. पहिल्या भागातली यंत्रं शोजी कावामोरी यांनी रेखाटली होती, आणि तेव्हापासून इथली यंत्रं कशी उघडतात, कुठे दुमडतात, बूस्टर नक्की कुठून पेटतो, हे हातात धरून कळतं.

मी मूळची साताऱ्याची. लहानपणी मुलींना मेकॅनोही मिळत नसे, निदान आमच्या घरी तरी नाही. भावाचा मेकॅनो तो शाळेत गेल्यावर मी काढायचे. आता माझ्या टेबलावर कुणाचा हक्क नाही. शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकली आहे. सगळ्यात आधी रंग. राखाडीवर गडद निळा, खांद्यावर चिन्ह. चिन्ह स्वतः काढायची सोय या मालिकेत पहिल्यापासून आहे, आणि मी हिरकणीच्या बुरुजाची आकृती वहीत काढून ठेवली आहे.

डिचोलीकर

व्हाइट ग्लिंटचं नाव काढलंत म्हणून लिहितो. माझ्यासाठी ‘फॉर आन्सर’ म्हणजेच आर्मर्ड कोर. २००८ चा गेम, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, म्हणजे पुढे ज्यांनी ‘डार्क सोल्स’ केला तेच.

त्यात एक मोहीम आहे. समोर ‘स्पिरिट ऑफ मदरविल’ नावाचा चालता किल्ला, एखाद्या शहरापेक्षा मोठा वाटणारा. त्याच्या तोफांचा पल्ला एवढा की साधं उडत गेलात तर पोचणारच नाही. म्हणून तुमच्या पाठीला यंत्राहून मोठा बूस्टर बांधून सोडून देतात. वाळवंट खालून नुसतं सरकत राहतं, समोरून तोफगोळे येत असतात, आणि तुम्ही फक्त डावीउजवीकडे झुकायचं. मग एका क्षणी तो बूस्टर तुकडे होऊन गळून पडतो आणि किल्ला डोक्यावर उभा असतो. पीएस-थ्री तेव्हा नवीन घेतला होता, घरातले सगळे जेवण सोडून बघायला आले.

पण मी त्या गेमला एवढा धरून बसलो त्याचं कारण त्याची जमीन. युद्धातल्या कोजिमा कणांनी माती नासलेली, आणि ज्यांना परवडतं ते लोक आकाशातल्या तरंगत्या वस्त्यांत राहायला गेलेले. त्या वर्षांत आमच्या घरासमोरून खनिजाचे ट्रक रांगेने जायचे. आंब्याच्या पानावर बोट फिरवलं की लाल रेघ उठायची, विहिरीवर झाकण ठेवावं लागायचं. खाणीत कामाला असलेला माझा मामा आणि धुळीने भात गेलेला आमचा शेजारी, दोघे एकाच पंगतीत जेवायचे. त्यामुळे गेम जेव्हा विचारतो की त्या आकाशातल्या वस्त्या पाडणार का, तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ बसलो होतो.

नव्या भागातल्या रुबिकॉन ग्रहाची गोष्ट तशाच वळणाची दिसते. कोरल नावाचा पदार्थ सापडला, त्यातून आग लागली, सगळी ग्रहमाला भाजून निघाली, आणि पन्नास वर्षांनी तो पुन्हा सापडल्यावर बालाम, आर्कीबस वगैरे कंपन्या परत हजर. तिथे राहणाऱ्या माणसांचीही एक संघटना आहे. मला त्यांची बाजू ऐकायची आहे. वेग ‘फॉर आन्सर’एवढा नसेल हे व्हिडिओंवरून दिसतंच. चालेल मला.

वर्ध्याचा

वाट मीही पाहून राहिलो, पण आगाऊ पैसे भरणार नाही. शनिवार-रविवार लोकांचं ऐकीन, मग घेईन. या भागाचे दिग्दर्शक मासारु यामामुरा ‘सेकिरो’वर होते, म्हणून हा ‘डार्क सोल्स’च्या वळणावर जाईल अशी धास्ती होती. शत्रूचा तोल ढासळवण्याचा जो नवा मीटर आहे त्यावरून ती अजून पूर्ण गेली नाही. चांगला निघाला तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

बेळगावकर

मी ‘आर्मर्ड कोर ५’ आणि ‘व्हर्डिक्ट डे’च्या काळातला. जुने लोक या दोघांना फारसं मानत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

पाचव्या भागात चौघं लढायचे आणि पाचवा ऑपरेटर म्हणून बसू शकायचा. ऑपरेटरला यंत्र नाही. समोर फक्त नकाशा, त्यावर आपले ठिपके आणि दिसले तर शत्रूचे. माझं इंटरनेट तेव्हा असं होतं की लढाईत उतरलो तर मी सगळ्यांना एका जागी थिजलेला दिसायचो. म्हणून मी नकाशा घेतला. टीममध्ये दोघं पुण्याचे, एक मलेशियाचा, एक कुठला ते त्याने कधी सांगितलं नाही. “पुलाच्या डाव्या बाजूने दोन येतायत, वरचा आधी घे” असं मी इंग्रजीत सांगायचो आणि पुणेकरांना घाईत मराठीत. हळूहळू मलेशियावाल्याला ‘डावीकडे’ आणि ‘मागे बघ’ कळायला लागलं. एकही गोळी न झाडता लढाई जिंकून देता येते, हे मला दुसऱ्या कुठल्या गेमने दिलं नाही.

‘व्हर्डिक्ट डे’मध्ये तर स्वतः वागणूक ठरवून दिलेली यंत्रं सोबत नेता यायची. किती अंतरावर थांबायचं, कधी माघार घ्यायची, हे आधीच लिहून ठेवायचं. मी आज नोकरीत जे करतो त्याची गोडी तिथे लागली.

सहाव्यात एकास एक आणि तीनास तीन अशा लढती असतील असं जाहीर झालंय. त्या दोघा पुणेकरांपैकी एकाशी अजून बोलणं आहे. तिसरा शोधतोय. आता माझं इंटरनेट चांगलं आहे.

दहिवडीकर

नमस्कार सगळ्यांना. मी ‘एल्डन रिंग’मुळे इकडे आले, यंत्रांचा गेम कधीच खेळलेले नाही. ट्रेलर बघितला आणि त्यातला वेग बघून ठरवलं. कॉम्प्युटरला किमान १२ जीबी रॅम आणि ६० जीबी जागा लागते. माझ्याकडे आठच होती, म्हणून शिकवणीच्या पैशांतून रॅम वाढवली. डाउनलोडसाठी रात्री मामाच्या घरी जाणार, त्यांच्याकडे फायबर आहे. बुधवारी चंद्रयान उतरायचंय ते बघायला सगळे तिथेच जमणार आहोत, तेव्हाच लॅपटॉप नेईन. उतरलं की मामाचा मूड चांगला असेल, मग शुक्रवारपर्यंत राहू देतील.

इथलं सगळं वाचून एकच प्रश्न पडलाय. हरले तर पहिल्यापासून का? आणि नवख्याने पहिले कोणते पाय घ्यावेत?

उद्यमनगरी

@दहिवडीकर, मोहिमेत मधे मधे चेकपॉइंट असणार, आणि हरल्यावर तिथंच भाग बदलून परत उभं राहता येणार, असं त्यांनी सांगितलंय. त्यामुळं घाबरू नका. अडलात तर तोच नेम पुन्हा पुन्हा मारत बसायच्या ऐवजी गॅरेज उघडा आणि समोरच्याला काय झेपत नाही ते बघून शस्त्र बदला.

पायांचं म्हणाल तर मधल्या वजनाचे दोन पाय. उडी बरी, वजन बरं पेलतात, चुकलं तरी सावरता येतं. उलट्या गुडघ्याचे पाय उंच उडतात पण सवय लागते. पट्टे घ्यायचे असतील तर दुसरं प्रकरण सुरू झाल्यावर घ्या. आणि डाव्या हातात तलवार ठेवा, डोंबिवलीकर म्हणतात तशी, गोळ्यांचा खर्च वाचतो. रॅम बसवलीत ती दोन्ही कप्प्यांत सारखी आहे ना तेवढं बघा, एकाच कप्प्यात असेल तर वेग कमी मिळतो.