शाळेतलं विज्ञान प्रदर्शन बंद करून तो वेळ वर्गातल्या प्रयोगांना द्यावा का?

काचपात्र (धागाकर्ता)
माझं मत सरळ आहे: आठवी ते दहावीसाठी शालेय पातळीवरचं प्रदर्शन बंद करावं. दिवाळीनंतर दोन-तीन आठवडे विज्ञानाचे तास थर्माकोल कापण्यात आणि तक्ते रंगवण्यात जातात. सिरिंजचा जेसीबी, व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी, ठिबक सिंचनाची प्रतिकृती हे सगळं दरवर्षी तेच असतं. साठ मुलांच्या वर्गातली पाच-सहा मुलं काम करतात, बाकीची बघतात. दहावीला लेखी ४० + ४० गुणांसोबत प्रात्यक्षिकाचे २० गुण आहेत आणि ते बऱ्याच ठिकाणी उतरवून काढलेल्या प्रयोगवहीवर दिले जातात.

त्याच वेळात काय होऊ शकतं ते बघा. प्रयोग: लोखंडाने तांब्याचं विस्थापन, म्हणजे मोरचूदाच्या (कॉपर सल्फेट) द्रावणात लोखंडी खिळा बुडवला की द्रावणातल्या तांब्याची जागा लोखंड घेतं आणि तांबं खिळ्यावर बसतं. चार-चार मुलांचे १५ गट, प्रत्येक परीक्षानळीत १० मिली द्रावण, थोडं राखीव धरून २०० मिली. त्याला मोरचूद लागतं फक्त ४ ग्रॅम. प्रयोगशाळेत नसेल तर कृषी सेवा केंद्रात मिळतं, बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी शेतकरी नेतात तेच. बोअरच्या जड पाण्यात द्रावण गढूळ होतं, म्हणून विरल सल्फ्युरिक आम्लाचे दोन-तीन थेंब शिक्षकांनी स्वतः टाकावेत. खिळा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासायचा, दोऱ्याने बांधून अर्धा बुडवायचा. एक नळी खिळ्याशिवाय ठेवायची, तुलनेसाठी. पंधरा मिनिटांत तांबूस थर दिसतो. साठच्या साठ मुलांनी स्वतः पाहिलेला असतो.

ओळंबा
असहमत. प्रदर्शन ही शाळेतली एकमेव जागा आहे जिथे प्रश्न मुलाचा असतो. प्रात्यक्षिकात प्रश्न पुस्तकाचा, कृती पुस्तकाची आणि उत्तरही आधीच छापलेलं. दोष परीक्षणाचा आहे. दिसायला सुबक मॉडेलला नंबर दिला की पालक मॉडेल विकत आणणारच.

नियम बदला: थर्माकोल नाही, तयार किट नाही, खर्चाला २०० रुपयांची मर्यादा, आणि मुलाने स्वतः घेतलेल्या किमान ३० नोंदींची वही टेबलावर हवीच. उदाहरण देतो. एक मीटरची काठी आणि जुलै ते डिसेंबर तिच्या सावलीच्या नोंदी. सर्वांत आखूड सावली १२ वाजता पडत नाही. मुंबईत ती सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी पडते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ च्या आसपास आणि फेब्रुवारीत १२:५३ पर्यंत. नागपुरात सरासरी सव्वाबाराच्या जवळ. मुंबईत २२-२३ सप्टेंबरला मध्यान्हाची सावली सुमारे ३४ सेंमी भरते, २२ डिसेंबरला ९२ सेंमीच्या आसपास. हे आकडे मुलाच्या वहीत आले की वेळेतून रेखांश आणि सावलीच्या लांबीतून अक्षांश त्याला कळलेले असतात.

चुकतं कुठे? काठी कललेली असते, म्हणून ओळंबा लावा. सूर्य बिंदू नसल्यामुळे सावलीचं टोक सुमारे एक सेंमी पुसट असतं आणि प्रत्येक जण वेगळीकडे खूण करतो. त्यावर उपाय म्हणजे काठीच्या टोकाला पाच मिलिमीटरचं भोक पाडलेला पुठ्ठा लावायचा आणि जमिनीवरच्या प्रकाशठिपक्याचा मध्य धरायचा. उंचीही मग त्या भोकापर्यंतच मोजायची, हे बहुतेक जण विसरतात.

काचपात्र
सावलीचा प्रकल्प उत्तम आहे, पण तो करणार कोण? पुन्हा तीच पाच मुलं. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात ऊन किती दिवस मिळेल हाही प्रश्न आहेच. मला शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या हातात परीक्षानळी हवी आहे. मध्य प्रदेशात १९७२ ला १६ शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात चार मुलांची टोळी, प्रत्येक टोळीला साहित्य आणि परीक्षेतही प्रयोग, असं होतं. सरकारी शाळांत तीस वर्षं चाललं ते.

आयोडीन
चाललं, कारण तिथे मुलांना उत्तर आधी सांगत नव्हते. आपल्याकडे उलट आहे. तुमचाच प्रयोग घ्या. पुस्तकात 'निळा रंग फिकट हिरवा होतो' लिहिलंय. ३५ मिनिटांच्या तासात खिळ्यावर थर येतो, पण द्रावणाचा रंग डोळ्यांना कळेल इतका बदलत नाही. त्याला दुसरा दिवस उजाडावा लागतो, आणि आणखी ठेवलं तर हवेने पिवळट-तांबूस गाळ बसतो. तरी सगळ्या वह्यांत 'रंग हिरवट झाला' हेच सापडतं. न पाहिलेलं निरीक्षण लिहायला आपणच शिकवतो.

पानातल्या स्टार्चच्या प्रयोगाचंही तेच: ऊन मिळालेल्या भागातच स्टार्च बनतो आणि तो आयोडीनने काळा पडतो, हे दाखवायचं असतं. जास्वंदाचं रोप दोन दिवस अंधारात ठेवायचं, पानाच्या काही भागावर काळा कागद लावून चार-पाच तास उन्हात, मग पान दोन मिनिटं पाण्यात उकळून स्पिरिटमध्ये. स्पिरिटची नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रातच ठेवायची आणि त्याआधी बर्नर विझवायचा, कारण त्याची वाफ पेट घेते. नंतर पान कोमट पाण्यात मऊ करून चहाच्या रंगाइतकं पातळ आयोडीन. आयोडीन दाट झालं की अख्खं पान तपकिरी. रोप अंधारात कमी वेळ राहिलं तर झाकलेला भागही काळा. अशा वेळी 'पुस्तकात आहे ते लिहा' सांगितलं जातं. माझी मागणी: वहीत 'अपेक्षेपेक्षा वेगळं काय झालं' हा रकाना सक्तीचा करा आणि त्यालाच गुण द्या. तोवर प्रदर्शन बंद करून फरक पडणार नाही.

डबलपिरियड
दोन्ही बाजूंना अडचण एकच आहे: वेळ आणि माणूस. परिचर नसलेल्या शाळेत ३५ मिनिटांत साहित्य मांडणं, प्रयोग आणि १५ नळ्या धुणं बसतच नाही. आठवड्यातून एक जोडतास वेळापत्रकात बसवा, तोही मधल्या सुट्टीच्या आधी, म्हणजे मांडामांड आणि धुणं दोन्ही निभतं. वर्ग अर्धा करा: ३० मुलं प्रयोगाला, ३० आलेख काढायला, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. आणि प्रदर्शन सरसकट मोडू नका. शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात, गावाकडच्या मुलासाठी ते लहान दार नाही. ती कल्पना सुचायला कुठेतरी जागा हवी.

ओळंबा
जागा तुमच्या जोडतासातच आहे. बाजारात जस्ताचा मुलामा दिलेले खिळे सर्रास मिळतात. एखाद्या गटाकडे तसा खिळा आला की जस्त आधी झिजतं, काळपट भुसभुशीत थर बसतो आणि द्रावण हिरवट न होता नुसतं फिकं होत जातं. शिक्षक तो खिळा फेकून दुसरा देतात. तिथेच त्या गटाला सांगा, हा तुमचा प्रदर्शनाचा प्रश्न. मुलामा घासून काढलेला, न काढलेला, अर्धा घासलेला, असे तीन खिळे आणि चार दिवसांच्या नोंदी.

काचपात्र
असं असेल तर तडजोड करायला तयार आहे: वर्गात झालेल्या प्रयोगातून निघालेला प्रश्न असेल तरच प्रदर्शनात प्रवेश, आणि पूर्ण गट टेबलावर उभा राहील. बाहेरून आणलेलं मॉडेल दारातच परत. थर्माकोलबाबत मात्र एक इंचही मागे येणार नाही.

आयोडीन
माझा रकाना राहिलाच. शिवाय उरलेलं मोरचूदाचं द्रावण मोरीत किंवा झाडांना ओतू नका. त्यात लोखंडाचा कीस टाकून निळेपणा पूर्ण जाईपर्यंत ठेवा, खाली बसलेलं तांबं गाळून वेगळं करा. हेही मुलांकडूनच करून घ्या, विस्थापनाची तीच उजळणी आहे.